गतवैभव नावाचा विचार

धारवाडच्या सप्तापुरातून चालत निघालं की थोड्याच वेळात कर्नाटक कॉलेज लागतं. कॉलेज १९१७चं. त्याची मुख्य इमारत मात्र त्याआधीची, सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीसाठी बांधलेली. १८८२मध्ये ती कंपनी निघाली तेव्हा पेशवाई बुडून साठ वर्षं उलटली होती, तरी इंग्रजांच्या दप्तरात हा मुलूख ‘दक्षिण मराठा’च होता. पुढच्या पस्तीस वर्षांत त्याच आवारात ‘कर्नाटक’ हे नाव आलं. हे कसं घडलं याचा माग काढताना मी दरवेळी इटलीपर्यंत जाऊन पोचतो.

१५१३ साल. नोकरी गेलेला, तुरुंगात छळ सोसलेला मॅकियाव्हेली फ्लोरेन्सबाहेर आपल्या शेतातल्या घरी राहत होता. दिवसभराचे मळलेले कपडे उतरवून, दरबारी पोशाख चढवून आपण संध्याकाळी प्राचीन ग्रंथकारांच्या सहवासात बसतो, असं त्याने मित्राला कळवलं आहे. तुम्ही असं का वागलात, हे तो त्यांना विचारतो. प्रबोधनकाळाच्या राजकीय विचाराचा गाभा मला या पत्रात सापडतो. इथे पूर्वजांची आरती होत नाही, त्यांची उलटतपासणी होते. राज्य माणसं उभं करतात आणि माणसंच घालवतात, मग त्याची कारणंही शोधता येतात, अशी त्यामागची धारणा आहे. ‘द प्रिन्स’च्या अखेरच्या प्रकरणात त्याने इटलीला परक्यांच्या हातून सोडवण्याची हाक दिली. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या एकीकरणासाठी झटणाऱ्यांना ती आपलीच वाटली.

त्यांच्यातला मॅझिनी १९०७मध्ये सावरकरांच्या हातून मराठीत आला. त्याआधी, १९००मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयामागे संतांची चळवळ पाहिली आणि तिची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. त्याच साली विजयनगरवरचं सेवेलचं पुस्तक निघालं. विजापुरात जन्मलेले आलूर वेंकटराव तेव्हा विशीत होते. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकताना टिळकांचा प्रभाव घेऊन ते धारवाडला परतले. पुणं शिवकाळाकडे पाहत होतं, तसं त्यांनी विजयनगर आणि चालुक्यांकडे पाहिलं. कर्नाटक कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, १९१७मध्ये, त्यांचं ‘कर्नाटक गतवैभव’ प्रसिद्ध झालं. ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेणारेही आलूरच.

हे आपण मराठी माणसांनी मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. धारवाडच्या कचेऱ्यांत आणि शाळांत मराठीचं वजन इतकं होतं, की १८९०मध्ये इथे कर्नाटक विद्यावर्धक संघ काढावा लागला. ज्या अस्मितेचे धडे पुण्यात गिरवले गेले, तीच इथे मराठीच्या वर्चस्वाविरुद्ध उभी राहिली, आणि तिची बाजू न्यायाची होती. १९२०मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या, १९५६मध्ये भाषेनुसार राज्याच्या सीमा ठरल्या.

मला खंत वाटते ती वाटेत गळून पडलेल्या गोष्टीची. वैभव राहिलं, उलटतपासणी राहून गेली. रोममधल्या सामान्य जनांच्या आणि सरदारांच्या भांडणांनीच रोमचं स्वातंत्र्य टिकवलं, असं मॅकियाव्हेलीने लिहिलं. पूर्वजांच्या घरातली भांडणं इतक्या आदराने वाचण्याची हिंमत आज सीमेच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. बेळगावचा प्रश्न निघाला की दोन्हीकडून राजांची नावं येतात. त्यांच्या राज्यात कुणब्याच्या पदरात काय पडत होतं, हे कुणी काढत नाही.

दोन्ही भाषा एकाच माणसात नांदल्याचं उदाहरणही इथलंच : सप्तापुराजवळच साधनकेरीत कवी बेंद्रे राहत. घरात मराठी, कविता कन्नड, आणि ज्ञानपीठ त्या कन्नड कवितेला.

सप्तापुरात आता स्पर्धा परीक्षांची पोरं गावोगावाहून येऊन खोल्या करून राहतात. विजयनगरच्या सनावळ्या त्यांना तोंडपाठ असतात : १३३६, १५६५. तालिकोट्याला रामराय हरला, हे ती झटकन सांगतात. चहाच्या गाड्यावर गाठ पडली की मी त्यांना आधीच्या वीसेक वर्षांबद्दल विचारतो. रामराय सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवत होता. मग ते सगळे एक कधी झाले, आणि त्याला ते का दिसलं नाही?