रिकाम्या सिंहासनाचा धनी

चित्रकथा म्हणजे मुलांचा खेळ, असे मानणाऱ्या पिढीतले आम्ही. सुटीत आलेल्या भाच्याने 'वन पीस' या जपानी चित्रकथेचा नव्वदावा खंड हाती ठेवला आणि म्हणाला, "मामू, हे वाचा आणि मग सांगा, यातला खरा जालिम कोण?" आम्ही हसून पुस्तक बाजूला ठेवले. रात्री झोप येईना म्हणून उघडले. पुढचे-मागचे खंड त्याच्याकडून मागून घेतले. त्या प्रश्नाने मात्र आजवर आमची पाठ सोडलेली नाही.

अशा चित्रकथेला जपानमध्ये 'मांगा' म्हणतात. एइचिरो ओदा यांची ही मांगा जुलै १९९७ मध्ये 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात सुरू झाली आणि पाव शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. २०२२ मध्ये तिच्या जगभरातील प्रतींचा आकडा पन्नास कोटींवर गेला. वरवर पाहता ही समुद्री चाच्यांची आणि खजिन्याची गोष्ट आहे. आत शिरल्यावर कळते की ती सत्तेची आणि दडपलेल्या इतिहासाची गोष्ट आहे.

या कथेतल्या जगावर एक 'जागतिक सरकार' राज्य करते. आठशे वर्षांपूर्वी वीस राजे एकत्र आले आणि त्यांनी ते स्थापन केले. मारीजोआ या उंचावरच्या नगरीतील राजवाड्यात त्यांनी एक सिंहासन ठेवले आणि त्यावर कोणीही बसायचे नाही अशी शपथ घेतली. सिंहासनाभोवती वीस शस्त्रे रोवली. आमच्यात कोणी एक मोठा नाही, सगळे समान, असा त्याचा अर्थ. जगातील राजे चार वर्षांतून एकदा परिषदेला येतात ते त्या रिकाम्या आसनाच्या छायेत. सर्वोच्च अधिकार पाच वडीलधाऱ्यांकडे आहे, असे लोक मानतात.

२०१८ च्या ९०८ व्या प्रकरणात मात्र एक सावलीसारखी व्यक्ती त्या दालनात येते, पायऱ्या चढते आणि सिंहासनावर बसते. जगाला थरकाप आणणारे ते पाच वडीलधारे तिच्यापुढे गुडघे टेकतात. या व्यक्तीचे नाव इमू. आठशे वर्षे साऱ्या जगाला शिकवलेली समतेची गोष्ट त्या एका दृश्यात खोटी ठरते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. उघडपणे मुकुट घालणारा जुलमी राजा अधिक वाईट, की सिंहासन रिकामे आहे असे सांगून त्यावर बसणारा? दोघेही रक्त सांडतात. मग फरक काय?

आम्हांला फरक असा दिसतो. उघड राजाकडे निदान बोट तरी दाखवता येते. त्याला शिव्याशाप देता येतात, त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येतो. लपलेल्या राजापुढे प्रजेचा प्रश्नच अनाथ होतो, कारण तो विचारायचा कोणाला हेच कळत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक कसोटी दिली आहे. दुसऱ्याच्या हक्काशी संबंधित असलेल्या ज्या कृतीमागचे तत्त्व चारचौघांत सांगता येत नाही, ती कृती अन्याय्य आहे, असा तिचा आशय. इमूची सारी सत्ता या एका कसोटीवर कोसळते. त्या आसनावर कोणी बसते हे जगाला कळले, तर वीस राजांचा करारच उरत नाही.

जपानच्या इतिहासात सत्ता एकीकडे आणि आसन दुसरीकडे हे नवे नाही. १०८६ मध्ये सम्राट शिराकावा यांनी गादी सोडली आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे निवृत्त सम्राट म्हणून त्यांनीच कारभार चालवला. पण तो कोणाच्या हाती आहे हे दरबार जाणून होता. इमूच्या बाबतीत ते जाणणेच गुन्हा आहे.

म्हणून या कथेत प्रश्न विचारणारे मारले जातात. अलाबास्ता देशाचा राजा कोबरा परिषदेसाठी येतो आणि वडीलधाऱ्यांना आपल्या पूर्वजांपैकी राणी लिलीविषयी विचारतो. त्याच वेळी इमू येऊन त्याच्या डोळ्यांदेखत सिंहासनावर बसते. कोबराने ते पाहिले आणि त्याच्या जिवाची किंमत संपली. जगाला मात्र बातमी मिळते की साबो नावाच्या क्रांतिकारकाने त्याचा खून केला. ओहारा बेटावरील विद्वानांचाही गुन्हा एवढाच की इतिहासातील गाळलेली शंभर वर्षे ते शोधत होते. नौदलाने ते बेट जाळून टाकले. मरताना त्या विद्वानांनी स्वतःला नव्हे, पुस्तकांना वाचवले. ती तळ्यात फेकून दिली.

एवढे वाचून आम्ही भाच्याला म्हणालो, "खरा जालिम इमूच, दुसरे कोण?" तो म्हणाला, "मामू, इमू मेली तर सगळे ठीक होईल?"

आम्ही गप्प झालो. कारण कथा तसे सांगत नाही.

त्या वीस राजांपैकी एकोणीस घराणी मारीजोआला जाऊन राहिली. त्यांचे वंशज स्वतःला दैवी समजतात, सामान्यांच्या हवेत श्वास नको म्हणून डोक्यावर बुडबुडा घालून फिरतात, माणसे गुलाम म्हणून विकत घेतात. हे सारे भरदिवसा, बाजारात चालते. देशोदेशींचे राजे आपल्या उपाशी प्रजेकडून वसूल केलेली खंडणी त्यांना पोचवतात. यातले काहीही पडद्याआड नाही. इमूचे नावही ठाऊक नसलेली हजारो माणसे इमूचे काम रोज करीत असतात.

ओहाराचाच दिवस पाहा. बेट सोडून निघालेल्या सामान्य लोकांचे एक जहाज होते. ते बुडवण्याचा हुकूम नव्हता. एखादा विद्वान त्यात लपला असेल, एवढ्या संशयावर साकाझुकी या अधिकाऱ्याने ते उडवून दिले. त्याच नौदलातील सॉल आपल्याच लोकांविरुद्ध उभा राहिला आणि आठ वर्षांच्या रॉबिनला त्याने वाचवू पाहिले. तिसरा अधिकारी कुझान. त्याने सॉलला अडवले, पण त्या मुलीला जाऊ दिले. एकच नौदल, एकच दिवस, आणि तीन माणसांचे तीन मार्ग. लपलेल्या राजाने त्यांपैकी कोणाचाही हात धरला नव्हता. आठशे वर्षांपूर्वीही विसाव्या घराण्याने, म्हणजे कोबराच्याच नेफेर्तारी घराण्याने, दैवीपणा नाकारून आपल्या वाळवंटात परतणे पसंत केले होते. निवड तेव्हाही होती.

म्हणून लपलेला शत्रू ही कल्पना आम्हांला जितकी खरी वाटते तितकीच सोयीची वाटते. 'पडद्याआड कोणीतरी आहे' असे म्हटले की आपली सुटका होते. आपण मुसलमानांनी या विचाराचे दोन्ही चटके सोसले आहेत. कुठे काही घडले की गुप्त कटाचा संशय आपल्यावर येतो, आणि तो किती अन्यायाचा असतो हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. तरीही आपल्या वस्तीतली शाळा बिघडली, पोरांची शिक्षणे अर्ध्यावर सुटली, तर आपणही चटकन 'हे सारे कोणाचे तरी कारस्थान' म्हणून मोकळे होतो. कारस्थाने नसतातच असे आम्ही म्हणत नाही. पण अदृश्य माणसाला शिव्या देण्यात जेवढी रात्र जाते, तेवढी समोर दिसणाऱ्याला एक प्रश्न विचारण्यात जात नाही.

आणि रिकामी सिंहासने फक्त मारीजोआत नसतात. संस्थेत ठराव सर्वानुमते होतो, निर्णय मात्र आदल्या रात्री कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेला असतो. घरात 'सगळ्यांना विचारून' लग्न ठरते, फक्त मुलीला विचारलेले नसते. तिथे खुर्चीवर कोण बसले आहे हे सर्वांना दिसत असते. तरी आपण ती रिकामी आहे असेच म्हणतो. त्या वेळी आपण वडीलधाऱ्यांसारखे गुडघे टेकलेले असतो.

भाच्याला आम्ही अजून पुरते उत्तर दिलेले नाही. एवढेच सांगितले, की इमूचा गुन्हा सिंहासनावर बसण्याचा आहे. आणि बसलेले दिसत असूनही 'रिकामेच आहे' असे म्हणणाऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. तो म्हणाला, "मग त्यात आपण पण आलो का, मामू?" पुढचा खंड मागून आम्ही वेळ मारून नेली.