बखर, खबर आणि साक्ष

मराठीत इतिहास लिहून ठेवण्याच्या जुन्या प्रकाराला ‘बखर’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘खबर’मधील अक्षरांची अदलाबदल होऊन तयार झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो ‘बखैर’ या फारसी शब्दापासून आला, असाही एक पक्ष आहे. बखरींची घडण पाहिली, तर पहिले मत अधिक पटते. अनेक बखरी धन्याच्या आज्ञेवरून, त्याला हकीकत कळवण्यासाठी लिहिल्या गेल्या. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, तेही असेच. खबर मागवली गेली आणि ती कागदावर उतरली, म्हणजे बखर झाली.

अरबीत इतिहासाला ‘तारीख’ असाही शब्द आहे. मराठीत तो दिनदर्शिकेतील दिवसापुरता उरला आहे. बसरा येथील राज्यपाल ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी, येणाऱ्या पत्रांवर काळाची नोंद नसते, अशी अडचण कळवली आणि ह. उमर (रजि.) यांनी विचारविनिमय करून हिजरी सन सुरू केला, असे सांगितले जाते. ‘तारीख’ घटना केव्हा घडली ते सांगते. ‘खबर’ मात्र दुसराच प्रश्न पुढे करते: हे सांगितले कोणी?

अरबी भाषाशास्त्रात ‘खबर’ची व्याख्याच अशी आहे की, जे विधान खरेही असू शकते आणि खोटेही, ते खबर. आज्ञा, प्रश्न किंवा प्रार्थना खरी-खोटी ठरत नाही, खबर ठरते. म्हणून हदीसशास्त्राच्या विद्वानांनी खबरेचे प्रकार पाडले, निवेदकांची साखळी तपासली आणि त्या साखळीतील माणसांच्या स्मरणशक्तीची व सचोटीची नोंद ठेवणारे स्वतंत्र शास्त्र उभे केले.

या सावधगिरीचे मूळ दिव्य कुरआनात आहे. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे की, एखादा दुराचारी मनुष्य वार्ता घेऊन आला, तर तिची शहानिशा करावी. नाही तर अज्ञानापोटी एखाद्या लोकसमूहाला इजा पोहोचेल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल. भाष्यकार येथे बनू मुस्तलिक टोळीची हकीकत देतात. जकात गोळा करण्यासाठी पाठवलेली व्यक्ती तेथवर न पोहोचताच परतली आणि ते लोक जकात नाकारून जिवावर उठल्याचे तिने सांगितले. त्यांच्याविरुद्ध कारवाईचा विचार सुरू झाला. प्रत्यक्षात ते लोक आपल्या श्रद्धेवर कायम होते आणि जकात घेणाऱ्याची वाट पाहत होते. एका खबरेमुळे निरपराधांवर तलवार चालली असती. आयतीने सांगितलेली इजा आणि पश्चात्ताप हे शब्द या प्रसंगात किती नेमके आहेत, ते पाहावे.

आज खबर आणण्यासाठी कोणाला उंटावर बसावे लागत नाही. मोबाईलवर एक बोट पुरते. ह. उमर (रजि.) यांच्या आज्ञेवरून अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जाळले गेले, ही कथा कोणी पुढे केली की आपण लगेच आधार मागतो. ते योग्यच आहे, कारण ती कथा मिसरच्या विजयानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी प्रथम लिहिलेली आढळते. परंतु चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगने तेथे अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही कथा आपल्या घराघरांतून किती वर्षे फिरते आहे! चंद्रावर ध्वनी वाहून नेणारी हवा नाही. खुद्द आर्मस्ट्राँगने ही गोष्ट नाकारली होती. तरी येथे आधार कोणी मागत नाही, कारण ती ऐकायला गोड वाटते. अजानच्या सत्याला या कथेची गरज तरी कोठे होती?

इब्ने खल्दून (इ.स. 1332–1406) यांनी आपल्या ‘मुकद्दमा’त इतिहासात असत्य शिरण्याची जी कारणे दिली, त्यांत पक्षाभिमानाला पहिले स्थान आहे. मन एखाद्या मताकडे झुकलेले असले की त्या मताला जुळणारी खबर ते तपासल्याविना आत घेते. ह. मूसा (अलै.) यांच्या सैन्याची संख्या सहा लाखांहून अधिक सांगणाऱ्या कथनांनाही त्यांनी हाच निकष लावला: एवढे सैन्य रणांगणात उभे कसे राहील, त्याच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची वार्ता तरी कशी लागेल? प्रश्न अगदी साधा आहे, पण तोवर किती जणांनी तो आकडा निमूटपणे उतरवून घेतला होता!

येथे मुद्दा केवळ अचूकतेचा राहत नाही, तो न्यायाचा होतो. इतिहास सांगणारा हा साक्षीदार असतो आणि ज्यांच्याविषयी तो बोलतो, ते मृत असल्याने उलट उत्तर देऊ शकत नाहीत. सूरह अन्-निसाच्या 135व्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तेष्टांच्या विरुद्ध का जाईना. सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीने दुसरी बाजूही बांधून टाकली: एखाद्या समाजाच्या वैरामुळेही न्याय सोडता येत नाही. म्हणजे आपल्या सुलतानांच्या चुका झाकणे आणि दुसऱ्यांच्या राजांना नसलेले दोष चिकटवणे, ही दोन्ही खोटी साक्षच.

अशी साक्ष देणे सोपे नसते. हदीसचे थोर परीक्षक अली इब्नुल मदीनी (मृत्यू हि. 234) यांचे वडीलही हदीस सांगत असत. वडिलांच्या विश्वसनीयतेविषयी लोकांनी विचारले, तेव्हा ‘दुसऱ्या कोणाला विचारा’ असे त्यांनी सांगून पाहिले. लोकांनी पुन्हा तोच प्रश्न केला. त्यांनी मान खाली घातली, थोड्या वेळाने वर केली आणि हा धर्माचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्या वडिलांना दुर्बल निवेदक ठरवले. निवेदकांच्या चरित्रग्रंथांत त्या वडिलांच्या नावापुढे मुलाचा हा निर्णय आजही नोंदलेला आहे.