शांतिसेनेचा न मांडलेला हिशेब

सरकारी खोटे नेमके कोणासाठी बोलले जाते, हे समजून घ्यायचे तर 1980च्या दशकातले मद्रास पाहावे. जुलै 1983 मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. बोटी भरभरून निर्वासित रामेश्वरमच्या बाजूला उतरू लागले आणि त्यांच्या मागोमाग ‘ईलम’ या स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या संघटनांची पोरेही आली. ‘रॉ’ या भारताच्या गुप्तचर संस्थेने त्यांना शस्त्रे चालवायला शिकवले, काहींना उत्तरेतल्या डोंगरांत, काहींना तमिळनाडूतच. मार्च 1984 मध्ये ‘इंडिया टुडे’ने या तळांची हकिकत छापली. दिल्लीचे उत्तर ठरलेले होते: भारताच्या भूमीवर असे तळ नाहीत.

हे उत्तर कोलंबोला खरे वाटले नाही. मद्रासच्या रिक्षावाल्यालाही वाटले नसेल. मे 1982 मध्येच ‘लिट्टे’ या लढाऊ तमिळ संघटनेचा प्रमुख प्रभाकरन आणि त्याचा प्रतिस्पर्धी उमा महेश्वरन यांच्यात पाँडी बझारमध्ये भर रस्त्यात गोळीबार झाला होता. ऑगस्ट 1984 मध्ये मीनंबाक्कम विमानतळावर बॉम्ब फुटला, तीसहून अधिक माणसे गेली. 1986च्या दिवाळीत चूलैमेडूत एका लढाऊ गटाशी झालेल्या भांडणात गोळ्या सुटल्या आणि गल्लीतला एक तरुण मेला. चूलैमेडूपासून अण्णा नगर दूर नाही. 1968च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी उभारलेला मनोरा, रुंद रस्ते, आखीव प्लॉट असे हे मध्यमवर्गाचे उपनगर. पण शहराच्या या भागात शस्त्रे बाळगणारे पाहुणे कोण आहेत आणि कोणाच्या आशीर्वादाने आहेत, हे गुपित नव्हते. मग हे खोटे होते कोणासाठी? संसदेसाठी, आणि साताऱ्यात किंवा नांदेडमध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसासाठी. शत्रूला ते ठाऊकच होते. अंधारात होतो ते आपण.

अण्णा नगर ज्यांच्या नावाने वसले, त्या द्रमुकच्या अण्णादुराईंनी चीनच्या युद्धानंतर वेगळ्या द्रविड नाडूची मागणी सोडून दिली होती. तरी तमिळ भावना दुखावली तर काय होईल, ही धास्ती दिल्लीच्या मनातून गेली नव्हती. लंकेतल्या पोरांना हात देण्यामागे ती धास्ती होती आणि करुणाही असेल. पण आणखी एक कारण होते आणि ते 29 जुलै 1987च्या भारत-श्रीलंका करारासोबतच्या पत्रांत सरळ वाचायला मिळते. त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणत्याही देशाच्या लष्कराला वापरू द्यायचे नाही; परदेशी रेडिओ केंद्रांचा लष्करी उपयोग होऊ द्यायचा नाही. यात लाजण्यासारखे काही नव्हते, कोणताही शेजारी असे मागेल. तरी लोकांपुढे मांडली गेली ती तमिळांच्या रक्षणाची गोष्ट, आणि बंदराची गोष्ट पत्रांत राहिली.

या करारानुसार जी फौज गेली तिचे नाव ‘शांतिसेना’. ऑक्टोबर 1987 मध्ये ती लिट्टेशी लढू लागली. शस्त्रे खाली ठेवून घेण्यासाठी पाठवलेल्या सैन्याला जाफन्याच्या गल्लोगल्ली लढावे लागले, आणि ते ज्यांच्याशी लढत होते त्यांना सुरुंग पेरायला आपल्याच लोकांनी शिकवले होते. मोहिमेतल्या 54व्या डिव्हिजनचे प्रमुख हरकिरत सिंग यांनी पुढे पुस्तक लिहिले. त्यात माहितीच्या आणि नकाशांच्या तुटवड्याची तक्रार आहे. बोलणी करायला येणाऱ्या प्रभाकरनला गोळी घाला, असा निरोप आपल्या उच्चायुक्तांकडून आला आणि आपण तो नाकारला, असाही त्यांचा दावा आहे. उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनीही लिहिले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे लष्करप्रमुखांना हे काम थोड्या आठवड्यांचे वाटत होते. दोघांची साक्ष एकमेकांना छेदते, आणि कोणाची खरी हे ठरवणारा कागद जनतेपुढे आलेला नाही.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. ज्या संघटनेला आपण शिकवतच नव्हतो, तिच्या ताकदीचा मोकळा अंदाज सैन्यापुढे ठेवणार कसा? संसदेसाठी आणि वाचकांसाठी रचलेली गोष्ट शेवटी आपल्याच जवानाला खरी मानून चालावी लागली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जणांपैकी 29 तिथेच मारले गेले, कारण लिट्टे तिथे आधीच दबा धरून बसली होती.

मराठी वाचकाला हा सगळा ‘मद्रासकडचा मामला’ वाटतो, तो तसा नव्हता. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी जाफन्यात लढल्या. 25 नोव्हेंबर 1987 रोजी 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन दबा धरलेल्या टोळीशी हातघाईवर लढताना पडले. त्यांचा जन्म मुंबईचा, अधिकारी म्हणून शिक्षण मद्रासच्या प्रशिक्षण केंद्रातले. त्या मोहिमेतले एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. हा सन्मान शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी देतात. म्हणजे पदक देताना सरकारला जे कबूल करावे लागले, ते मोहिमेचे नाव ठेवताना टाळले होते.

आणि दुसरी बाजू. 21 ऑक्टोबर 1987, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरलेल्या भारतीय जवानांच्या गोळ्यांना डॉक्टर, परिचारिका, रुग्ण बळी पडले. साठ-सत्तर माणसे गेली. आपल्या बाजूने सांगितले गेले ते दोन्हीकडच्या गोळीबारात सापडल्याचे. ऑगस्ट 1989 मध्ये वल्वेट्टितुरैत शांतिसेनेच्या हातून पन्नासहून अधिक गावकरी मारले गेले. परमेश्वरन यांच्या शौर्याला या घटनांनी उणेपण येत नाही, आणि त्या शौर्याने या घटना झाकताही येत नाहीत. दोन्ही एकाच कागदावर लिहायच्या असतात, पण तो कागदच तयार झाला नाही.

सुमारे बाराशे जवान गमावून मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रास बंदरावर तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याचे स्वागत कसे करू, ही त्यांची भूमिका. त्यावर खूप टीका झाली. मला मात्र वाटते, ज्यांनी फौज पाठवली त्यांना कोणी विचारले नाही आणि जो बंदरावर गेला नाही त्यालाच सगळे विचारत राहिले. कोलंबोचे सरकारही धुतल्या तांदळासारखे नव्हते. अध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारने आपल्या जवानांशी लढायला लिट्टेलाच शस्त्रे पुरवली.

गुप्तता राज्यकारभाराला लागते, हे मान्य. उद्याचा हल्ला आज कोणी छापू नये. पण मोहीम संपून तीन दशके उलटल्यावर कोणते गुपित उरते? कारगिलनंतर काही महिन्यांत समितीचा अहवाल संसदेपुढे आला. इराकच्या युद्धावर ब्रिटनने उशिरा का होईना, 2016 मध्ये चिलकॉट अहवाल काढला. व्हिएतनामबद्दलची थापेबाजी 1971 मध्ये फुटलेल्या पेंटागॉनच्या कागदांतून अमेरिकेला कळली. आपल्याकडे शांतिसेनेची स्वतंत्र चौकशी झाली नाही. लंकेतल्या पोरांच्या शिक्षणाचा विषय चौकशीच्या टेबलावर आला तो मागच्या दाराने, राजीव गांधींच्या हत्येचा तपास करणाऱ्या जैन आयोगात. 1997 मध्ये त्याचा अंतरिम अहवाल आला आणि गुजराल सरकार पडले. म्हणजे कागद फुटला की तो राजकारणाच्या कामी येतो, हिशेबाच्या नव्हे.

राजीव गांधींच्या हत्येपर्यंतचा रस्ता मद्रासमधूनच गेला. 19 जून 1990 रोजी कोडंबाक्कममध्ये लिट्टेने ईपीआरएलएफ या प्रतिस्पर्धी तमिळ गटाचे नेते पद्मनाभ यांना साथीदारांसह गोळ्या घातल्या. मारेकरी निसटले. त्यांच्यापैकी शिवरासन वर्षभरात श्रीपेरुंबुदूरला दिसला, 21 मे 1991 रोजी, राजीव गांधींच्या हत्येच्या जागी. या हत्येच्या खटल्यात पूनमल्लीच्या विशेष न्यायालयाने 1998 मध्ये 26 जणांना फाशी सुनावली. त्यातल्या तुरुंगात उरलेल्या शेवटच्या सहा जणांची सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये सुटका केली. या एकतीस वर्षांत अण्णा नगर, वळसरवाक्कमसारख्या वस्त्यांत भाड्याने राहणाऱ्या ‘सिलोन तमिळां’ना पोलिस ठाण्यात नोंद देत फिरावे लागले. 1991 नंतर बराच काळ बोलण्याचा ढंग ऐकूनच घरमालक दार लावून घेत. लिट्टेने केलेल्या हत्येचा जाब लंकेतल्या हिंसेपासून पळून आलेल्यांना विचारला गेला.

आज तमिळनाडूत शंभरावर छावण्यांत सुमारे 58,000 लंकन तमिळ आहेत. 2019च्या नागरिकत्व कायद्यात श्रीलंकेचे नाव नाही. 1986 मध्ये मंडपमच्या छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीला मद्रास उच्च न्यायालयाच्या 2022च्या निकालानंतर भारतीय पासपोर्ट मिळाला आणि 2024च्या लोकसभा निवडणुकीत तिने तिरुचीत मत दिले. कारण 1 जुलै 1987च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. करारावर सह्या झाल्या त्या आठवड्यात त्याच छावणीत जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही निर्वासित असतील, तर वयाच्या चाळिशीच्या उंबऱ्यावरही त्याच्याकडे असते ते छावणीचे ओळखपत्र.