चंदीची वेळ

श्रीरामपूर हे शहर रेल्वेच्या पाठोपाठ जन्मले, आणि म्हणूनच त्याच्या स्थानकाला त्याचे स्वतःचे नाव लाभले नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हा प्रवरेकाठचे बेलापूर हेच या मुलखातले नामांकित गाव असल्यामुळे स्थानकाच्या पाटीवर तेच नाव लागले, जरी गाव तेथून बरेच लांब राहिले. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांचे पाणी रानोमाळ फिरले, हरेगावच्या कारखान्याभोवती ऊस उभा राहिला, आणि स्थानकाच्या आसऱ्याला आलेल्या वस्तीचे हळूहळू शहर झाले. स्थानक आणि गाव यांच्यामधले अंतर ज्यांनी आपल्या चार पायांनी वर्षानुवर्षे कापले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्यांतलाच एक घोडा आमच्या घरचा होता.

तो एका रात्रीत गेला. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले आल्या वाटेने बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही, आणि त्यामुळे माणसाला दोन दिवस अंथरुणाला खिळवणारा पोटशूळ त्याच्या प्राणांवर बेततो. आजोबांनी त्या रात्री त्याला बसू दिले नाही. कंदील हाती घेऊन ते त्याला अंगणातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून अंगणापर्यंत चालवीत राहिले. आणि पहाटेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा, म्हणजे ज्या वेळी रोज टांगा जुंपायचा नेमक्या त्या वेळी, तो बसला तो पुन्हा उठला नाही. नात्यातल्या एका मळ्याच्या बांधाशी खड्डा खणून, मीठ घालून त्याला पुरले.

समाचाराला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, “कितीचा होता?” त्या वयात मला या प्रश्नाचा संताप आला. घरातले माणूस गेल्यावर त्याची किंमत कोणी विचारीत नाही. आज वाटते की त्या बिचाऱ्यांपाशी दुसरे शब्दच नव्हते. दूरच्या भाऊबंदाचे सुतक किती दिवस धरावे याचा बारकाईने निवाडा करणाऱ्या आपल्या शास्त्राने दावणीच्या जनावरासाठी एक दिवसही राखून ठेवलेला नाही. बैलाला पोळा आहे, घोड्याला दसऱ्याचा हार आहे. परंतु त्यांच्या मरणाच्या दिवशी काय बोलावे, कोणी कोणाकडे जावे, कशाने हात धुवावे, हे कोणी सांगून ठेवलेले नाही. जेथे रीत नाही तेथे माणूस बाजाराची भाषा उसनी घेतो.

शिवाय ती भाषा अगदीच परकी नव्हती. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. ज्याचा स्वतःचा घोडा पडला त्याची मिळकतच नव्हे, चारचौघांतली त्याची पायरीही डळमळत असे. टांगेवाल्याची गत निराळी नसते. पोटार्थी माणसाच्या शोकात असा हिशेब मिसळलेला दिसला की सुखवस्तू माणसे त्या शोकाला हिणकस ठरवून मोकळी होतात, आणि हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. कारण ज्याच्या संगतीने भाकरी मिळवली त्याच्या जाण्याने भाकरी आणि संगत एकदमच जातात, आणि अश्रूंतले कोणते कशासाठी याची वाटणी प्रत्यक्ष रडणाऱ्यालाही करता येत नाही.

आमच्या शेजारच्या राहाता तालुक्यात, शिर्डीच्या लेंडी बागेत, साईबाबांच्या श्यामसुंदर नावाच्या घोड्याची समाधी आहे. कासम नावाच्या एका घोडेव्यापाऱ्याच्या घोडीला शिंगरू होत नव्हते, ते बाबांच्या कृपेने झाले आणि त्याने ते बाबांनाच अर्पण केले, अशी या घोड्याची कथा सांगतात. चावडीच्या मिरवणुकीत हा घोडा शृंगारून पुढे चालत असे. तिकडे मेवाडात, हळदीघाटाच्या परिसरात, चेतकाची समाधी आहे. अशा समाध्या धन्याच्या थोरवीमुळे उभ्या राहतात असे आपण समजतो, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण धनी थोर असो वा नसो, मागे राहिलेल्याला कोठेतरी जाऊन उभे राहावेसे वाटते, आणि ज्याच्यापाशी दगड उभारण्याइतके बळ किंवा कीर्ती नाही त्यालाही ही गरज तितकीच असते.

आमच्या घरी ती गरज हातांत उतरली. पहाटे उठून खरारा करण्याची सवय आजोबांच्या मनगटाला जडली होती. मन समजुतीला येते, मनगट येत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीने नेहमीप्रमाणे चंदीचा हरभरा भिजत घातला, आणि पाण्यात हात असतानाच ती थांबली. कोणी काही बोलले नाही. सकाळी आजोबांनी तो हरभरा जुन्या तोबऱ्यात भरला, अड्ड्यावर नेला आणि दुसऱ्याच्या घोड्याच्या तोंडाला बांधला. त्या दिवसापासून आजी हरभरा जाणूनबुजून भिजत घालू लागली, आणि हा क्रम पुष्कळ दिवस चालला. पुढे माणसांचे अंत्यविधी जवळून पाहिले तेव्हा मला त्याचा अर्थ उमगला. दर्भ, पिंड, तिलांजली, दिवसांची मोजदाद, ही सारी खटपट मृताला कोठवर पोचते ते मृतालाच ठाऊक. काल ज्या हातांना त्याचे काम होते त्यांना आज एकाएकी रिकामे बसू न देणे, एवढे कार्य मात्र ती निश्चित करते. शास्त्राने न सांगितलेला हा विधी दोन अल्पशिक्षित म्हाताऱ्यांनी आपल्या घरापुरता रचला होता.

दुसरा घोडा आजोबांनी घेतला नाही. नगरहून पुण्यास पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली होती, आणि त्यानंतरच्या त्या वर्षांत टांग्यात पैसा घालणे शहाणपणाचे राहिले नव्हते. आजोबा हिशेबाचे चोख होते. वाण्याच्या वहीत पैची चूक असली तरी त्यांच्या ध्यानात येई. असे असूनही, “कितीचा होता?” या प्रश्नाला त्यांनी पहिल्या दिवशी जो आकडा सांगितला तो आठवड्याने वाढला, महिन्याने आणखी वाढला, आणि दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी जी रक्कम सांगितली तिच्यात त्या काळी टांग्यासह दोन घोडे आले असते. खरी किंमत आजीला माहीत होती, कारण ते पैसे तिच्याच पाटल्या मोडून उभे केलेले होते. ती स्वयंपाकघरातून ऐकत असे, आणि तिने एकदाही आकडा दुरुस्त केला नाही.