कोण बोलतंय, कुठून बोलतंय?

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. माणदेशाचं आभाळाशी असलेलं नातं या दोन आकड्यांत आलं. ढग येतात, दिसतात, पुढे निघून जातात. पण याच आभाळाने या माळाला एक गोष्ट मात्र हात न आखडता दिली आहे. ती म्हणजे लांबून येणारे आवाज. शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरींची चालही पावसासारखीच. जवळच्याला कोरडं ठेवायचं आणि लांबच्याला भिजवायचं. फरक इतकाच, की या हिशेबात आपण लांबचे आहोत.

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, एफएमच्या सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात. तिथे, अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्यामुळे विद्युतभारित झालेल्या हवेचा थर आहे, तो आयनांबराचा वरचा भाग. तिथून वाकून त्या पुन्हा जमिनीवर येतात, पण निघाल्या तिथून शेकडो किलोमीटर पुढे. मधल्या गावांना काहीच ऐकू येत नाही. कोलंबो ते माणदेशातलं म्हसवड हे अंतर सुमारे तेराशे किलोमीटर, म्हणजे एका उडीचं काम. लंडनहून यायचं तर दोन-तीन उड्या लागतात. दिवसा खालचा एक थर लहान फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून दुपारी 16 आणि 19 मीटर लहरलांबीचे बँड बरे. रात्री तो थर विरतो आणि 31, 41, 49 मीटरवर गर्दी होते. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात-घटतात, त्यावर वरच्या बँडांचं नशीब अवलंबून. 2024 मध्ये डागांचा बहर होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इतकं मोठं सौर वादळ झालं, की लडाखमधल्या हानलेहून आभाळ लाल दिसलं. रेडिओचा काटा फिरवणाऱ्या माणसाला सूर्याची तब्येत अशी घरबसल्या कळते.

आता माणदेशाची बाजू. शॉर्टवेव्हचा शत्रू अंतर नव्हे, घरातली वीज आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या मोटारीचा स्टार्टर, सगळे मिळून इतकी खरखर करतात की शहरातल्या फ्लॅटमध्ये हा बँड आज जवळजवळ मुका झाला आहे. माळावरच्या वस्तीवर तारा कमी, घरं लांब लांब. शिवाय लोडशेडिंग. एरवी ज्याला आपण शिव्या घालतो त्या लोडशेडिंगची ही एकच पुण्याई. लाइट गेली की घरात अंधार होतो आणि सेलवर चालणाऱ्या रेडिओतली खरखर एका क्षणात बसते. जिथे आत्तापर्यंत नुसती घरघर होती तिथे कुणीतरी बोलत असतं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, “गेली न्हवं लाइट? मग लाव की शिलोन!”

रेडिओ सिलोनचं वेड माणदेशाला लागलं त्याची गोष्ट राजकारणाची आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. कोलंबोत युद्धकाळात दोस्तांच्या सैन्यासाठी उभारलेलं शक्तिमान शॉर्टवेव्ह केंद्र तयारच होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देश बुधवारी रात्री काटा सिलोनवर नेऊ लागला. गंमत पुढेच आहे. अमीन सायानींचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होई मुंबईत. त्याच्या टेप कोलंबोला जात आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून आपल्याकडे येई. मुंबई इथून अडीचशे किलोमीटरवर, पण तिचा आवाज तेराशे किलोमीटरवरून ऐकावा लागत होता. सरकारला चूक उमजायला पाच वर्षं लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. तोवर सकाळी आठच्या आत सैगलचं एक गाणं ऐकूनच कामाला लागायचं, ही सवय कितीतरी घरांना सिलोननेच लावली होती.

गीतमालेच्या दहा वर्षं आधी शॉर्टवेव्हने वेगळंच काम केलं होतं. ऑगस्ट 1942 च्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवायचं, वृत्तपत्रं छापू शकत नव्हती त्या बातम्या सांगायच्या, आणि 12 नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत हे चालू ठेवायचं. त्याच दिवसांत, 9 सप्टेंबरला, माणला लागून असलेल्या खटाव तालुक्यात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गोळीबारात हुतात्मा झाले. काँग्रेस रेडिओच्या उद्घोषणेत एक बारकावा आहे. आम्ही भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलतो आहोत, असं ते सांगत. जागा लपवणं भागच होतं. पण आपण कोण आणि कितव्या मीटरवर, 42.34, हे मात्र ते रोज उघड सांगत. जीव धोक्यात असतानाही सांगणाऱ्याने आपलं नाव लपवलं नाही.

शॉर्टवेव्हची खरी कमाई मला इथे दिसते. बहुतेक केंद्रं वेळोवेळी आपली ओळख देतात: आम्ही कोण, कुठून, कोणत्या मीटरवर. ऐकणाऱ्याला बातमीआधी बातमीचा पत्ता मिळतो. आणि पत्ता मिळाला की सांगणाऱ्याचा हेतू तोलायची सवय आपोआप लागते.

आमच्या भावकीतले एक चुलते, तात्या, गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्याने विटा, आटपाडी, खटाव, माण भागातली हजारो माणसं देशभर पसरवली आहेत. तात्यांचं दुकान तमिळनाडूत. दुकान म्हणजे एक भट्टी, एक तराजू आणि झोपायला माळा. त्या माळ्यावर चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर आणि पोस्टात दरवर्षी फी भरून तिकिटं लावलेलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक. संध्याकाळी भट्टी विझली की तात्या आकाशवाणी मुंबई लावत, 4840 किलोहर्ट्झवर. रात्रीच्या वेळी ते केंद्र तिथपर्यंत येई. कधी आवाज भरून येई, कधी ऐन बातमीत बुडे. सुट्टीवर गावी आले की मी त्यांच्या रेडिओशी खेळत असे. एकदा मी विचारलं, “तात्या, मराठी बातम्या ऐकल्यावर परत बीबीसी कशाला?” ते म्हणाले, “सोनं बी एका कसावर कळत न्हाय बाबा. दोन ठिकाणी घासायचं, मग भाव बोलायचा.” गलाईवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

31 ऑक्टोबर 1984 ला अख्ख्या देशाला तेच करावं लागलं. सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली. आकाशवाणीने ती संध्याकाळी सहाला मान्य केली. स्वतः राजीव गांधी तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर होते आणि खात्रीलायक बातमीसाठी त्यांनाही बीबीसीच लावावी लागली. आणीबाणीत ज्यांनी ही सवय जोपासली होती, त्यांना याचं नवल वाटलं नसेल.

कुणी म्हणेल, हे सगळे सरकारी भोंगेच होते. रेडिओ मॉस्को, व्हॉइस ऑफ अमेरिका, पेकिंग, प्रत्येकाचं आपलं घोडं. खरं आहे. मॉस्कोवरून दुष्काळाची बातमी येत नसे आणि वॉशिंग्टनहून व्हिएतनामचं पूर्ण चित्र मिळत नसे. पण तो प्रचार स्वतःच्या नावाने येई. मॉस्को मॉस्को म्हणूनच बोले. एकाच रात्री एकाच लढाईच्या तीन गोष्टी ऐकल्या की तिन्हींत काय समान आहे ते निवडता येई. एक मेख मात्र होती. आवाजाचं घर आणि मनोऱ्याचं घर एकच असेल असं नाही. बीबीसी लंडनचं नाव सांगे, पण आपल्याकडे येणारी लहर बऱ्याचदा ओमान, सायप्रस नाहीतर सिंगापूरच्या मनोऱ्यावरून निघालेली असे. सरावलेल्या श्रोत्याला तेही कळे. आवाज जास्तच स्वच्छ आला की तो म्हणे, हे लंडन नव्हे, जवळचं काहीतरी आहे.

काट्याच्या प्रवासात बातम्यांपलीकडचंही खूप भेटतं. 10 मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिकटिक करणारं चीनचं घड्याळ. 1976 पासून पुढे बरीच वर्षं जगभरच्या श्रोत्यांना छळणारी टकटक, जी चेर्नोबिलजवळच्या एका अवाढव्य सोव्हिएत रडारची होती. परदेशातून तिबेटी भाषेत सुरू असलेलं केंद्र लावावं, तर त्याच्यावर ढोल-झांजांचं चिनी संगीत आदळतं. ते संगीत ऐकवण्यासाठी लावलेलं नसतं, खालचा आवाज दाबण्यासाठी लावलेलं असतं. गळा दाबायचा तोही तालासुरात! आणि ही सेन्सॉरशिप तुमच्या कानांना प्रत्यक्ष ऐकू येते. इंटरनेटवर एखादी गोष्ट दाबली गेली तर ती नुसती दिसत नाही. दाबली गेली हेही कळत नाही.

आज हा बँड ओसरत चालला आहे. रेडिओ नेदरलँड्स 2012 मध्ये थांबला, रेडिओ ऑस्ट्रेलियाने 2017 मध्ये शॉर्टवेव्ह बंद केली. ऑगस्ट 2019 मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद होते, तेव्हा बीबीसीने हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण वाढवलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. आणि सहाच महिन्यांत, 31 जानेवारी 2020 ला, तेच हिंदी शॉर्टवेव्ह प्रसारण कायमचं थांबलं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्चमध्ये बीबीसीला तिकडच्यासाठी पुन्हा शॉर्टवेव्ह सुरू करावी लागली. हे माध्यम जुनं झालं आहे, निकामी झालेलं नाही. मध्ये केबल नाही, टॉवर नाही, कंपनी नाही. ऐकणारा कोण आहे याची नोंदही कुठे राहत नाही.

माझा आग्रह शॉर्टवेव्हच जगवा असा नाही. जवळचं ऐकायलाही रेडिओ लागतो. म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 2008 पासून 90.4 मेगाहर्ट्झवर आहे. तिचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही आणि जाण्याची गरजही नाही. शेळीच्या आजारापासून बायकांच्या बचतीपर्यंतची गोष्ट तिथे आपल्या बोलीत होते. आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहिणारे शेटफळ्याचे गदिमा आणि त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रात गावकऱ्यांसाठी कार्यक्रम करणारे त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश, दोघेही याच मातीतले. म्हणजे सांगणं आपल्याला नवं नाही. लांबचं आणि जवळचं, दोन्ही ऐकणाऱ्याची सांगणाऱ्याशी ओळख होते, एवढाच मुद्दा.

व्हॉट्सॲपवर मात्र सांगणाऱ्याचं नावच नसतं. ‘आलेलं पुढे पाठवलं’ ही आज आपल्या बातमीची पूर्ण वंशावळ. कुणी रचली, कुठून निघाली, कुणाच्या फायद्याची, काही कळत नाही, आणि विचारायची सवयही मोडली आहे. गावोगावी दंगलीपर्यंत प्रकरण गेलं ते अशाच बिनपत्त्याच्या निरोपांमुळे.

म्हणून या दिवाळीत माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढा. सेल घाला, एरियलला दहा मीटर उघडी तार जोडा, तिचं टोक चिंचेला नाहीतर गच्चीच्या खांबाला बांधा. फटाके थंडावल्यावर, लाइट गेलेली असेल तर उत्तमच, 31 आणि 41 मीटरवर काटा सावकाश फिरवा. ज्या भाषेचं नावही माहीत नाही तिथेही दोन मिनिटं थांबा. वहीत तारीख, वेळ, मीटर, भाषा आणि केंद्राचं नाव लिहा. नाव कळेपर्यंत काटा हलवू नका. ही वही दोन-चार रात्री भरली, की मोबाइलवर येणाऱ्या पुढच्या निरोपालाही तेच विचारा: कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कशासाठी बोलतंय? उत्तर नसेल तर तो निरोप पुढे पाठवू नका.