साठ फूट खाली

नायगावहून मुखेड करत उदगीरला गेलो की माझी पावलं किल्ल्याकडे वळतात, ती उदागीर महाराजांच्या समाधीसाठी. किल्ला भुईकोट, म्हणून भोवती ४० फूट खोल खंदक. समाधी त्याहून खोल, जमिनीखाली ६० फुटांवर. वर ऊन रणरणत असतं. चपला काढून पायऱ्या उतरू लागलं की दगड गार लागतो, आणि डोळे सरावेपर्यंत शेजारी कोण उभं आहे हेसुद्धा कळत नाही. मला ते न कळणंच मोलाचं वाटतं.

किल्ला ज्याचा, त्याचाच आतला देव का? हा प्रश्न पडला की जर्मनीतलं टोरगाव आठवतं. तिथं हार्टेनफेल्स वाड्यात सॅक्सनीचा शासक योहान फ्रीडरिश यानं चर्च बांधलं. ५ ऑक्टोबर १५४४ रोजी खुद्द मार्टिन ल्यूथरनं प्रवचन करून ते उपासनेला खुलं केलं. ल्यूथरच्या नव्या प्रॉटेस्टंट पंथासाठी मुद्दाम बांधलेल्या पहिल्या चर्चांपैकी हे एक. प्रवचनाचा चौथरा कोपऱ्यात नाही, लांब भिंतीच्या मध्यावर आहे, कारण तिथं ऐकायला जमायचं. ल्यूथरचं म्हणणं असं की ही जागा वाड्यातल्यांची तशीच बाहेरून येणाऱ्यांचीही. आणि जागेत वेगळं पावित्र्य नाही, हेच प्रवचन बाहेर पाणवठ्यापाशीही करता येईल. आपल्याकडच्या वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वीणेकरी उभा राहिला, टाळ वाजले की गावचा पारही देऊळ होतो.

तीनच वर्षांत, १५४७ साली, म्युलबर्गच्या लढाईत योहान फ्रीडरिश पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाच्या कैदेत पडला. राज्य गेलं. चर्चमध्ये उपासना आजही होते.

उदगीरचंही तसंच. बरीदशाही, मोगल, निजाम असे धनी बदलले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी इथंच सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, आणि पुढच्याच जानेवारीत भाऊ पानिपतावर पडले. एवढी उलथापालथ झाली, तरी गाव आपलं नाव महाराजांवरूनच सांगतं.

तट, बुरूज, दरबार जपायलाच हवेत. पण डागडुजीचा पहिला रुपया समाधीच्या पायऱ्यांवर खर्च व्हावा, असं माझं मागणं आहे. गुडघे धरलेली म्हातारी माणसं त्याच पायऱ्यांनी उतरतात.