लंगडे तट्टू आणि मापातली दया

सज्जनहो, जनावर कामाचे उरले नाही की त्याची किंमत संपते, हा बाजाराचा न्याय. बाजाराने तो लावावा यात नवल नाही. पण गळ्यात माळ घालणाऱ्याच्या गोठ्यात कोणता न्याय चालावा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका शेतकऱ्याने मागे एक तट्टू विकत घेतले. लठ्ठ, आणि पुढच्या दोन्ही पायांनी लंगडे. गावाने नावे ठेवली. पाठीवर ओझे घालायचे नाही, टांग्याला जुंपायचे नाही, वरातीत नाचवायचे नाही, मग घेतले तरी कशाला? या ‘कशाला’चा विचार आज आपण करू.

आधी त्या जिवाची हकीकत ऐका. एका सधन घरी नातवंडांच्या हौसेसाठी ते आणले होते. मुले शिकायला शहरात गेली आणि तट्टू दावणीला उभे राहिले. घर प्रेमळ होते, उपाशी ठेवणारे नव्हते. येता-जाता कोणी गुळाचा खडा द्यावा, कोणी तूप लावलेली पोळी, कोणी चंदीची ओंजळ. चालणे नाही, खाणे मात्र चारी प्रहर. आयाळीखालची मान चरबीने कडक झाली, बरगड्या हाताला लागेनात. एके सकाळी त्याने पाऊल उचलले नाही. तेव्हा ते दलालाकडे गेले, आणि दलाल ते वीटभट्टीवर देणार होता. शेतकऱ्याने मध्येच 9 हजार रुपये मोजून ते घरी आणले.

पशुवैद्यांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. घोड्याची जात मूळची माळरानावर हिंडत, चाड्याचे बी पडावे तसे थोडे थोडे रुक्ष गवत दिवसभर खाणारी. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकारी काढता येत नाही. पोटात गेलेले बाहेर टाकण्याची सोयच नाही. अशाला धान्य आणि गोड भरवले की त्याचा परिणाम उतरतो खुरात. खुराचे कठीण कवच आतल्या हाडाला नाजूक पापुद्र्यांनी धरलेले असते. ते पापुद्रे सुजतात, पण कवच कठीण असल्याने सूज पसरायला जागा नाही. आपल्या नखाखाली ठणका लागावा आणि त्याच नखावर सारा देह तोलून उभे राहावे लागावे, अशी ती वेदना. दुखणे वाढले तर आतले हाडच जागा सोडून कलते. तट्टू पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेते ते यासाठी. डॉक्टर या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात. मी त्याला लाडाचा रोग म्हणतो.

आता उपाय पाहा. चंदी बंद, गूळ बंद. पण एकदम उपाशीही ठेवायचे नाही. लठ्ठ तट्टाला अचानक लंघन घडवले तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जीव जातो. म्हणून सुके गवत तोलून द्यायचे. दोनशे किलोच्या या तट्टाला दिवसाला सुमारे तीन किलो, तेही आधी पाण्यात भिजवून, म्हणजे त्यातली साखर पाण्यात उतरते, आणि मग थोडे थोडे करून. पायांखाली वाळूचा मऊ थर. दर सहा आठवड्यांनी खूर कापायचे. ठणका आहे तोवर चालवायचे नाही. तो उतरला की मऊ जमिनीवर चार पावलांपासून सुरुवात.

या घरात शेतकऱ्याची वृद्ध आई आहे. दारी आलेल्याला तिने जन्मात उपाशी लावलेले नाही. तिची चाहूल लागली की तट्टू खिंकाळे आणि तिच्या पदराला तोंड लावी. मुलगा तराजू घेऊन बसलेला, आणि पदराखाली भाकरीचा तुकडा. दोनदा असे घडले, दोन्ही वेळा दुखणे उलटले. मुलगा चिडून बोलला. माउली रडली. एकादशीला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तिने मला विचारले, “महाराज, मुके जनावर तोंड वेंगाडून मागते आणि मी नाही म्हणायचे. हे पाप कोणाच्या माथी?”

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्या परंपरेत अन्नाला नाही म्हणणे ही सोपी गोष्ट नाही. मी तिला म्हटले, “आई, भाकरी दिल्यावर कोणाची तळमळ शमते? त्याची की तुमची?” ती बराच वेळ गप्प राहिली.

सारे मर्म इथे आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या जिवाला कळ येते, तिथून दया उगवते. पण ती कळ शमवण्यासाठी जे करतो ते सगळे दया नव्हे. भाकरी दिली की माझी कळ त्याच क्षणी थांबते. त्याची रात्रीपासून सुरू होते. म्हणजे माझ्या सुखाचे मोल त्याच्या खुराने भरले. याला लाड म्हणावे. लाडाची नजर स्वतःकडे असते, दयेची समोरच्याकडे. नाथमहाराजांची कथा आपण सर्व जाणतो. रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. आपण त्यांच्या त्यागाची थोरवी गातो आणि ती गायलाच हवी. पण आणखी एक पाहा: गाढवाला पाणी हवे होते आणि नाथांनी पाणीच दिले. समोरच्याला काय हवे आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

त्या माउलीला रिकाम्या हाताने बसवणे हाही उपाय नव्हता. देणारा हात रिकामा राहिला की चोरून देतो. म्हणून मुलाने तराजूच तिच्या हाती दिला. गवत भिजवणे, निथळणे, तोलणे आणि दिवसातून चार वेळा घालणे हे तिचे काम झाले. खराराही तीच करते. आता तट्टू खिंकाळते ते तिच्यासाठीच, आणि ती देते तेही त्याच्याच हिताचे.

आता शंका घेऊ. पहिली शंका: हाच पैसा एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणाला दिला असता तर? शंका रास्त आहे. ज्याच्या घरी कर्ज आहे, मुलांची आबाळ आहे, त्याने असला संकल्प करू नये. पण ही शंका आपल्याला कधी आठवते, हेही पाहा. वरातीला एका संध्याकाळपुरते घोडे आणतो, फटाके उडवतो, तेव्हा गरीब मुलगा आठवत नाही. मुक्या जनावरावर खर्च झाला की नेमका आठवतो. म्हणजे ती मुलाची कणव नसते, ती आपली अडवणूक असते.

दुसरी शंका अधिक जड आहे: पैसे मोजले म्हणजे दलालाचाच धंदा वाढला. हे खरे आहे. बाजारात लंगडी जनावरे पुढे करून कोणी कनवाळू लोकांकडून पैसे काढत असेल, तर एकाची सुटका त्याच जागी दुसऱ्याला उभे करते. तिथे पैशाऐवजी तक्रार करावी. आजारी, पांगळ्या जनावराला कामाला लावणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. या शेतकऱ्यासमोर मात्र एकच जनावर होते आणि समोर वीटभट्टी होती. तसा प्रसंग असेल तर घ्यावे, पण एक जाणून घ्यावे. विकत घेण्याचे काम एका दिवसाचे असते. त्याचे पुण्य मिरवू नये, कारण त्या दिवशी आपण फक्त ऋण अंगावर घेतलेले असते. ते फिटते रोजच्या तीन किलो गवतात. तट्टू वीस-पंचवीस वर्षे सहज जगते. तितका धीर नसेल तर दावे हाती घेऊ नये.

तिसरी शंका: वेदना हटतच नसतील तर? 1928 साली साबरमती आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने सुई देऊन मरण दिले गेले. केवढा गदारोळ झाला! यावर मी निवाडा देणार नाही. इतकेच म्हणेन की ज्याने रात्रंदिवस शुश्रूषा केली, त्यालाच तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मला पाहवत नाही, एवढ्या कारणाने जीव घेणे हा पुन्हा लाडाचाच दुसरा प्रकार झाला.

हे तट्टू त्या टोकाला गेले नाही. वर्षभरात त्याचा देह उतरला, बरगड्या हाताला लागू लागल्या. विहिरीपर्यंत ते आपल्या पायांनी जाते. खडकाळ वाटेवर अजून लंगडते आणि पुढेही लंगडेल. ओझे ते कधीच वाहणार नाही.

मग घेतले कशाला? द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीची एक हकीकत आहे. भर रणात घोडे थकले, बाणांनी विंधले गेले. भगवंतांनी त्यांना रथातून सोडले, अंगातले बाण उपटले, आपल्या हातांनी चोळले, पाणी पाजले. ते घोडे पुढे रथ ओढणार होते, म्हणून त्यांची सेवा झाली, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. सेवा करणारा हात लाभाचा हिशेब करून तितका हळुवार होत नाही.

आपणही रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो. त्या अश्वावर स्वार दिसत नाही, तरी तो रिकामा नाही, अशी आपली श्रद्धा. धावणाऱ्या अश्वावर जो बसलेला आहे, तो लंगड्याच्या पाठीवरून उतरून गेला, असे मानायला आपल्याकडे आधार काय? रिंगणातली माती कपाळी लावणे सोपे आहे, त्याला एक क्षण लागतो. सुजलेला खूर मांडीवर घेऊन त्यातली माती काढायला रोज सकाळी अर्धा तास लागतो. दोन्ही एकाच पूजेची अंगे आहेत. पहिले आपण करतोच. दुसरे ज्याला जमेल त्याने करावे, आणि ज्याला जमणार नाही त्याने निदान ‘कशाला’ म्हणून विचारू नये.

रामकृष्णहरी.